दुकान त्याचं आहे

गावात कुणाचं न्हाव्याशी वाजलं की पारावर बसलेल्यांपैकी एक जण तरी म्हणतोच, “पूर्वी असं नव्हतं बाबा. पूर्वीचा न्हावी कधी उलटून बोलला नाही.” बाकीचे माना डोलावतात. मग बलुत्याच्या गोष्टी निघतात. सुतार कसा होता, लोहार कसा होता, खळ्यावर सगळे कसे हक्कानं यायचे, कुणी उपाशी राहत नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटावं, सगळा गाव एका ताटात जेवत होता. खेड्यावर पुस्तकं लिहिणारेही हेच लिहितात, आणि पुण्या-मुंबईचा वाचक ते डोळे पुसत वाचतो.

मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. पूर्वीचा न्हावी उलटून बोलला नाही हे खरंच आहे. का बोलला नाही, ते मात्र कुणी सांगत नाही.

माझा जन्म साठ सालचा. त्यामुळं बलुतं मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. आत्ता गावात ज्याचं दुकान आहे त्याचा बाप आमच्या घरी पंधरा दिवसांनी यायचा. काखेत धोकटी. धोकटीत दोन वस्तरे, कात्री, हातानं दाबायचं मशीन, नखं काढायची नराणी, चामोटं, पितळी वाटी आणि एक कडेला फुटलेला आरसा. आला की ओसरीच्या पायरीवर बसायचा. वर नाही, पायरीवर. वडील रानातनं आले नसले तर वाट बघायची. दोन तास झाले तरी वाट बघायची. मग वडील घोंगड्यावर बसणार, हा खाली उकिडवा. साबण नव्हताच, नुसतं पाणी लावून दाढी. आम्हा पोरांची डोकी दोन गुडघ्यांत धरायचा आणि मशीन असं ओढायचा की डोळ्यांतनं पाणी यायचं. घरात कर्ती माणसं किती यावर वर्षाचा वाटा ठरलेला. सुगीत तो खळ्यावर यायचा, आणि तिथंही त्याला आधी मिळायचं नाही. त्याच्या वरचे बलुतेदार आधी. याद्या गावोगावी वेगळ्या असतील, पण वरचा-खालचा क्रम नाही असं गाव मला माहीत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. ज्यांना बलुत्याचा फार उमाळा येतो त्यांनी ते एकदा वाचावं. आणि दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथेला ‘बलुतं’ हे नाव का दिलं असेल, तेवढं तरी मनाशी विचारावं.

आता हा पायरीवरचा माणूस उलट बोलला असता तर? वर्षाचं धान्य आमच्या कणगीत होतं. दाढी त्यानं बारा महिने केलेली, मजुरी मात्र सुगीत आणि तीही आम्ही सुपानं घालू तेवढी. शेजारच्या गावात जावं तर तिथं त्या गावाचा न्हावी बसलेला. म्हणजे जायला वाट नाही आणि बोलायला तोंड नाही. त्याच्या गप्प बसण्याला आपण त्याचा चांगुलपणा म्हणतो. दावणीला बांधलेला बैलही उलट बोलत नाही.

आणि भाषा बघा. सातवीतलं पोर साठीतल्या म्हाताऱ्याला अरे-तुरे करायचं. काही घरांत ‘मामा’ म्हणायची पद्धत होती, पण मामा बसायचा पायरीवरच. कुणाला फसवलं तर ‘हजामत केली’. कुणाची फजिती झाली तर ‘बिनपाण्यानं झाली’. ज्यानं आपलं डोकं स्वच्छ ठेवलं त्याच्याच धंद्याच्या शिव्या केल्या. अफजलखानाचा तळ आमच्या वाईत पडला होता. तिथून तो प्रतापगडाखाली गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला काय झालं ते पोरांनाही पाठ आहे. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ असं आपण छाती काढून म्हणतो. तो जिवा महाला नाभिक. संत सेना महाराज नाभिक, त्यांचं पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. पुण्यतिथीला हार घालायचा आणि घरी येऊन “त्या न्हाव्याला हाक मार रं” म्हणायचं, हे आपल्याला एका दिवशी जमतं.

बाहत्तरच्या दुष्काळात खळंच आटलं. माण-खटावकडं तर हाहाकार होता, आमच्याकडं निदान पाणी होतं. पण त्या साली म्हाताऱ्याच्या सुपात जे पडलं ते मी बघितलं आहे, आणि त्यावर मी जास्त लिहिणार नाही. त्यानंतर हळूहळू रोख पैसे आले. पुढं त्याच्या मुलानं, म्हणजे आत्ताच्या आमच्या कारागिरानं, यष्टीच्या थांब्यापाशी चार पत्रे ठोकून दुकान टाकलं. एक लाकडी खुर्ची, मान टेकायला मागं फळी, समोर अख्खा आरसा, वर सेना महाराजांचा फोटो.

खुर्ची आली म्हणून गावात कुणी भाषण केलं नाही, पण उलथापालथ झाली ती तिथं. आता न्हावी दारात येणार नव्हता, आपण त्याच्या दारात जायचं होतं. तो उभा आणि आपण बसलेलो हे खरं, पण आपली मान त्याच्या फळीवर. जुन्या माणसांना हे दोन वर्षं पचलं नाही. “न्हाव्याच्या दारात जाऊन बसायचं?” म्हणून दाढ्या वाढवून फिरले. आमच्या भावकीतनं पहिल्यांदा त्या खुर्चीत जाऊन बसले ते माझे थोरले चुलते. पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “कर बाबा तुझ्या सवडीनं.” हे वाक्य पुढं लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

दुकान म्हणजे काय, यावर संविधान सभेत १९४८ साली चर्चा झाली होती. दुकानात जायला कुणाला मज्जाव नसावा असं कलम होतं, आणि प्रश्न निघाला की ‘दुकान’ या शब्दात धोबी, न्हावी येतात का. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की येतात. जो कोणी येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक जिथं तयार बसलेला असतो, ती जागा म्हणजे दुकान. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, कायदा मला कळत नाही. पण हे वाचल्यावर आमच्या यष्टीथांब्यावरच्या चार पत्र्यांची किंमत कळली. धोकटी घेऊन हिंडणारा माणूस गावाचा असतो. दुकानात बसणारा माणूस स्वतःचा असतो, आणि त्याचं दुकान सगळ्यांचं असतं.

सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं. बलुत्याच्या काळात आमच्या गावचा न्हावी महारवाड्यातल्या कुणाच्या डोक्याला हात लावत नव्हता. आज हा दोष एकट्या न्हाव्याच्या माथी मारून गाव मोकळा होतो. न्हाव्यांतही शिवाशीव मानणारे होते, नव्हते असं नाही. पण त्यानं हात लावला असता तर त्याच वस्तऱ्यानं आमची दाढी करून घेतली असती का आम्ही? त्याचं धान्य कुणी बंद केलं असतं? १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, तरी आमच्याकडं कायदा यायच्या आधी खुर्ची आली असंच म्हणावं लागेल. भिंतीवर दर लिहिला गेला आणि दराच्या पुढं जात लिहायला जागा नव्हती. काही गावांत अजूनही तंटे होतात, पेपरात येतं. तेव्हा फार फुशारकी नको.

न्हाव्यानं ‘नाही’ म्हणायचं ही काही आजची गोष्ट नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या न्हाव्यांनी ठरवलं. मोठमोठे विद्वान शास्त्रार्थ करत बसले होते आणि या लोकांनी वस्तरा खाली ठेवला. पोथीत काय लिहिलंय ते तुम्ही बघा, हात आमचे आहेत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारातली ही माणसं. गंमत म्हणजे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली तीही याच लोखंड्यांच्या खटपटीनं आणि याच साली. आज रविवारी न्हाव्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्याचं पुण्यही त्यांच्याच पदरी.

तर माझं भांडण झालं ते अशाच एका रविवारी, गेल्या फाल्गुनात. माझ्या आधी सहा जण होते. सहा जणांचं होईपर्यंत मी बसलो, मग खुर्ची मिळाली. एक गाल झाला होता, दुसऱ्याला फेस लावलेला. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि तालुक्याचा एक पुढारी आत आला. त्याला कुठं लग्नाला जायचं होतं. कारागीर मला म्हणाला, “तात्या, दोन मिनिटं जरा बाकावर बसा, यांचं आवरतो.” मी म्हणालो, “रांग आहे ना?” त्यानं वस्तरा पुसला. माझ्याकडं आरशातनं बघत म्हणाला, “रांग? माझा बाप चाळीस वर्सं तुमच्या पायरीवर बसून वाट बघत व्हता तात्या. तवा कुनी रांग लावली व्हती?”

दुकान गप्प झालं. मी खांद्यावरचं फडकं काढलं, फेस पुसला, पूर्ण दाढीचे पैसे आरशाखालच्या फळीवर ठेवले आणि एक गाल तसाच घेऊन घरी आलो.

रांगेबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. दुकान सगळ्यांचं असेल तर ते पुढाऱ्याचं जरा जास्त असं चालत नाही. आणि त्याचं म्हणणंही बरोबर होतं. फक्त मी रांगेबद्दल बोलत होतो आणि तो पायरीबद्दल, आणि पायरी रांगेपेक्षा जुनी.

संध्याकाळी भावकी जमली. एक म्हणाला, त्याची जीभ फार लांब झाली. दुसरा म्हणाला, त्याला घरी बोलवा आणि माफी मागू दे. तिसरा तरुण, शिकलेला, मोबाईलवर गावाचा ग्रुप चालवणारा. तो म्हणाला, “आपल्या भावकीतल्या कुणी त्याच्याकडं जायचंच नाही. महिन्याभरात सरळ होतो.” मी त्याला विचारलं, हे तू बोललास ते काय आहे माहिती आहे का? सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यानं २०१६ साली कायदा केलाय. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. पंचवीस वर्षांचं पोर, कणगी कधी बघितलेली नाही, पण कणगीचं झाकण कसं लावायचं ते त्याच्या रक्तात आहे. पूर्वी धान्य अडवायचो, आता गिऱ्हाईक अडवू. मी रागावलो होतो, पण माझा राग माझ्या एकट्याचा होता. तो भावकीच्या खात्यावर मांडू दिला नाही.

जे बलुत्याचे गोडवे गातात त्यांना मी करोनाच्या सालाची आठवण देतो. मार्च २०२० मध्ये दुकानं बंद झाली. राज्यात केस कापायला परवानगी मिळाली ती २८ जूनला, आणि तेव्हाही दाढीला नाहीच. तीन महिने ज्याच्या घरात एक रुपया आला नाही, त्याच्या दारात कुणी सूपभर ज्वारी नेऊन ठेवली? खळ्यावर सगळे हक्कानं यायचे म्हणता ना, मग तुम्ही हक्कानं का गेला नाहीत? आमच्या घरून दोन पायल्या गेल्या होत्या. त्यानं त्या जुलैत माझे आणि मुलाचे केस कापून फेडल्या. मी पैसे काढले तर म्हणाला, “ज्वारीत वळतं केलंय.” हिशेबात एक दाणा बाकी ठेवला नाही त्यानं.

शहरातला वाचक म्हणेल, एवढं काय, दुसरीकडं जा. गेलो की. वाईत गेलो. काचेचं दार, आत गारवा, गाणी चालू. तिथल्या पोरानं मला आधी विचारलं, “काका, फेशियल करायचं?” मी म्हणालो, बाबा, या चेहऱ्यावर साठ वर्षांचं ऊन आहे, ते काढून काय करतोस. मग त्यानं मशीन फिरवलं आणि डाव्या कानामागची चामखीळ सोलून काढली. तुरटी लावायला विचारलं तर तुरटी नव्हती, कसला तरी वासाचा फवारा मारला. पोराचा दोष नाही, माझं डोकं त्याला नवीन. त्या चामखिळीला आमचा कारागीर बोटानं बाजूला धरतो आणि पात्याचं टोक वळवतो, हे त्याला सांगावं लागत नाही. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत, त्यातला मागचा उलटा, तिथं केस बारीक केले की उभे राहतात. वडिलांनाही तसाच भोवरा होता, आणि त्याला तो त्याच्या बापानं दाखवला असणार. हातातली ही ओळख दुकान बदलून मिळत नाही. येण्याजाण्याचं भाडं, अर्धा दिवस, आणि वर आल्याच्या रानात मजूर बसून, हा हिशेब निराळाच.

श्रावणात थोरले चुलते गेले. दहाव्याला कृष्णेच्या काठी भावकीतली सगळी क्षौराला बसणार. कुणी म्हणालं, वाईतनं कारागीर आणू, आपलं बिनसलंय. आम्ही पोचलो तर हा आमच्या आधी पायरीवर येऊन बसलेला. घाटाची पायरी ती, ओसरीची नव्हे. काखेत त्याच्या बापाची धोकटी होती. एकामागून एक डोकी केली. माझी पाळी आली तेव्हा मी समोर बसलो. त्यानं पाणी लावलं, चामखीळ बोटानं बाजूला धरली. दोघंही बोललो नाही. शेवटी भावकीतल्या एकानं नारळ आणि काही नोटा पुढं केल्या तर त्यानं नारळ परत दिला आणि म्हणाला, “डोक्याला शंभर. चौदा डोकी.” मोजून घेतले आणि गेला.

परतताना लोक खूश. “बघा, आला का नाही? न्हावी तो, न येऊन जातोय कुठं!” कुणी मला म्हणालं, “मिटलं की तात्या तुमचं.”

काही मिटलं नाही. आणि तो न्हावी म्हणून आला हेही खोटं. ज्या म्हाताऱ्यानं त्याच्या खुर्चीत पहिल्यांदा बसून ‘तुझ्या सवडीनं’ म्हटलं होतं, त्याच्यासाठी तो आला. न यायची त्याला पूर्ण मोकळीक होती. दुकान बंद ठेवून घाटावर चौदा डोकी करणं त्याला परवडत नाही, हे कुणाला दिसत नाही. येणं ही त्याची मर्जी होती. गावानं मात्र ती बलुत्याच्या वहीत लिहून टाकली, आणि मला राग आहे तो याचा. माणूस आपल्या मर्जीनं चांगला वागला की आपण लगेच म्हणतो, ते त्याचं कामच आहे.

मला परत जायचं आहे. हे गावाला चमत्कारिक वाटतं, कारण त्यांच्या मते दोनच वाटा आहेत. तो माझ्या दारात आला तर माझा मान राहिला, मी त्याच्या दारात गेलो तर माझा मान गेला. अरे, रुसून मी उठलो. माझ्याकडं पाय आहेत, वाईची यष्टी आहे. त्याची खुर्ची जमिनीत ठोकलेली आहे, ती घेऊन तो माझ्या मागं कसा येणार? जो उठून गेला तो परत येणार, यात मानाचा काय संबंध? आणि तो रुसला, तोंडावर बोलला, याचा मला आता रागापेक्षा बरंच वाटतं. चाळीस वर्षं त्याच्या बापानं आमची दाढी केली, आणि त्या म्हाताऱ्याला आमच्याबद्दल काय वाटत होतं ते आम्हाला एकदाही कळलं नाही. मुलाचं मला कळलं. ज्याच्याशी भांडण होऊ शकतं त्याच्याशीच बरोबरीनं बोलणं होऊ शकतं. असलं भांडण आमच्या वडिलांच्या नशिबात नव्हतं, आणि त्यांना त्याची उणीवही कधी भासली नाही.

मध्यस्थ मला नको. सरपंच नको, भावकी नको, पेढे नकोत. मुलगा म्हणाला, बुधवारी सकाळी जा, कुणी नसतं. मी म्हणालो, मी रविवारी जाणार. सगळ्यांच्या देखत, शेवटच्या माणसाच्या मागं बाकावर बसणार. कुणी “तात्या, तुम्ही आधी बसा” म्हणालं तर बसणार नाही. आणि तो पुढारी पुन्हा मध्येच आला आणि त्याला खुर्ची दिली, तर मी पुन्हा विचारणार, रांग आहे ना? तो काय बोलायचं ते बोलेल. दुकान त्याचं आहे.

फक्त एक हिशेब त्याच्याकडं शिल्लक आहे. पैसे मी पूर्ण दाढीचे ठेवून आलो होतो आणि झाला होता एकच गाल. घाटावरचं खातं वेगळं, ते चुलत्यांचं होतं. उजवा गाल अजून त्याच्याकडं येणं आहे.